न पाहिलेलं बेट मोजणाऱ्या विमलताई

प्रा. विमलताई मेश्राम यांची आणि माझी पहिली भेट जबलपूरच्या आमच्या महाविद्यालयात, भूशास्त्र विभागात झाली. मी जवळच्या मझौली गावाहून आलेली, मराठी फक्त घरापुरती बोलणारी. ताईंनी आडनाव विचारलं आणि म्हणाल्या, "अच्छा, मंग मराठीत बोल ना! इतकी घाबरून काहून राहिली?" मग एक रंगीत चित्र पुढे ठेवलं. त्यात एका डोंगराभोवती कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळं होती.

"काय दिसून राहिलं?"

"डोंगर फुगलाय," मी हुशारी दाखवली.

"वर्तुळं दिसून राहिली ना? तेवढंच सांग. फुगला का नाही, ते मंग पाहू."

ते चित्र होतं अंदमानच्या समुद्रातल्या एका निर्मनुष्य ज्वालामुखी बेटाचं. उपग्रह बेटावर रडारच्या लहरी सोडतो, परत आलेल्या लहरी टिपतो आणि काही दिवसांनी पुन्हा तिथूनच जातो. मधल्या काळात जमीन बोटभर जरी वर आली किंवा खचली, तरी लहरींच्या परतण्यात फरक पडतो. दोन दिवसांची चित्रं ताडून पाहिली की तो फरक रंगीत वर्तुळांत उमटतो. शेकडो किलोमीटर उंचीवरून बोटभर! आजही हे शिकवताना मी क्षणभर थांबते. आणि ज्यांनी हे बेट उभं आयुष्य मोजलं, त्या ताईंनी ते डोळ्यांनी कधीच पाहिलेलं नाही. बोट हलली की त्यांचं पोट ढवळतं. त्यांची नौकाविहाराची हौस जबलपूरजवळ, नर्मदेवरच्या भेडाघाटलाच फिटली.

एकदा आम्ही सहा जण त्या बेटावर उतरून उपकरणं बसवणार होतो. बंदरात बोट तयार होती, आणि जबलपूरहून ताईंचा फोन आला, "बेट फुगून राहिलं. कोणी उतरू नका." ज्वालामुखीचं फुगणं म्हणजे उद्रेकाची पूर्वसूचना; आम्ही हात हलवत परतलो. परवानग्यांसाठी घातलेले सगळे खेटे वाया गेले. बेट मात्र शांतच राहिलं. तरी वेळेवर इशारा दिला म्हणून महाविद्यालयाने ताईंचा सत्कार ठरवला. शाल आली, श्रीफळ आलं, भाषणं झाली. मग ताई उठल्या.

"द्वीप फूला ही नहीं था," त्या भर सभेत म्हणाल्या. ज्या दिवसाच्या चित्राशी त्या बाकीची चित्रं ताडून पाहत होत्या, त्या दिवशी बेटावरची हवा दमट होती. लहरी वाफेतून रेंगाळत आल्या आणि जमीन हलल्याचा भास झाला. तेवढं एक चित्र बाजूला काढलं, तर बेट जागच्या जागी होतं. "गलती मेरी है. शॉल वापस ले जाइए. नारियल फोड़ लीजिए, बच्चे भूखे बैठे हैं."

मला भयंकर राग आला. हे विभागातच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी तसं म्हटलंही.

"ज्यांना थांबवलं त्यांना सांगायला नको?" असं विचारून ताईंनी त्याच दिवशी बोटीच्या कप्तानांनाही फोन केला.

काही वर्षांनी पुन्हा मोहीम ठरली. तेच आम्ही सहा जण, तीच बोट, तेच कप्तान. निघायच्या सकाळी पुन्हा ताईंचा फोन! या वेळी आमच्या उतरायच्या जागेच्या वरचाच कडा तेवढा खचत होता. कुठल्याही दोन दिवसांची जोडी लावली तरी खचण्याची जागा तीच, आणि दर वेळी ती वाढलेली. सोबतच्या अधिकाऱ्यांनी नाक मुरडलं, "पिछली बार भी यही कहा था."

कप्तानांनी इंजिन बंद केलं. "पिछली बार गलत थीं, तो मैडम ने खुद फोन करके बताया था. आज मना कर रही हैं, तो बोट नहीं जाएगी."

त्याच आठवड्यात तो कडा समुद्रात कोसळला. जिथे आमचे तंबू लागणार होते, ती जागाच उरली नाही. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. ताईंना फोन करून कळवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "जेवले का सगळे?" मी फोनवर ढसाढसा रडले.

या गौरवग्रंथाची परवानगी मागायला आम्ही त्यांच्या दीक्षितपुऱ्यातल्या घरी गेलो, तेव्हा ताईंनी एकच अट घातली, "माझी ती चूक पहिले छापा." छापली आहे, ताई. आता आमचं ऐका. तुम्ही परत केलेली शाल विभागाच्या कपाटात अजून घडी करून ठेवलेली आहे आणि पंच्याहत्तरीच्या समारंभात आम्ही तीच पुढे करणार आहोत. तुम्ही वाचवलेल्या आम्हा सहा जणांच्या आयुष्यातली थोडी थोडी वर्षं तुम्हाला लाभोत. तब्येत ठणठणीत राहो, पोट समुद्राशिवाय कुठेही न ढवळो. आणि शाल नाकारू नका. या वेळी आम्ही सगळी चित्रं तपासून पाहिली आहेत.