रुळावरचं कुंकू

दसऱ्याला आमच्या घरी शिलाई मशीन, स्क्रू ड्रायव्हर, लॅपटॉप, दारातली मोटार, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. शेवटी मान ह्यांच्या आगगाडीचा. मिल्टन कीन्सच्या या घरात आल्यापासून माझ्या नवऱ्याने छपराखालच्या लॉफ्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फळ्या टाकून इवलेसे रूळ अंथरले होते. या टोकाला एक स्टेशन, त्या टोकाला एक, मध्ये बोगदा. माझे गुडघे मला आत शिरू द्यायचे नाहीत. मग शिडीवर उभी राहून जिथे हात पुरेल तिथे रुळावर ओलं हळदकुंकू लावायचे, अक्षता टाकायचे आणि खाली उतरायचे.

हे गेले त्या वर्षी सण केला नाही. मी स्वतःला कुंकू लावावं की नाही यावर नातेवाइकांनी फोनवर भरपूर काथ्याकूट केला. मी कुणाचंच ऐकलं नाही. गेल्या दसऱ्याला रुळाला मात्र नेहमीपेक्षा चांगलं भरभरून लावलं.

आता घर विकून हॅरोला मुलीजवळ जायचं ठरलं होतं. लॉफ्टमधली रेल्वे बघायला एका मॉडेल रेल्वे क्लबचे दोन गृहस्थ रविवारी येणार होते. गाडी धावत असेल तर सगळा देखावा जसाच्या तसा आमच्या हॉलमध्ये मांडू, नाहीतर सुटे भाग काढून घेऊ, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. शनिवारी मुलीने गाडी चालवून बघितली. स्टेशनातून ऐटीत निघाली, शिडीच्या तोंडाशी आली आणि तिथून पुढे रांगायलाच लागली. बोगद्यात तर पार थांबली.

"आई, इट्स फाइन. पार्ट्स घेतील ना ते," मुलगी म्हणाली.

"बाबांनी पार्ट्स नव्हते केले गं. रेल्वे केली होती," मी म्हणाले, आणि या वेळी गुडघ्यांना न विचारताच वर चढले.

माझं आयुष्य शाळेच्या फिजिक्स लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून गेलं. मीटर हातात धरायला मला कुणी शिकवायला नको. रुळावर गाडी नसताना मोजलं तर सगळीकडे बारा व्होल्ट. म्हणजे मीटरही माझी थट्टा करत होतं. वीज खेचणारं कुणी नसेल तर वाईट जोडसुद्धा शहाण्यासारखा वागतो. मग पलीकडच्या स्टेशनात इंजिन उभं केलं, मुलीला कंट्रोलरची कळ फिरवायला लावली आणि एकेक जोड मोजत सरकले. शिडीच्या तोंडाशी दोन रूळ जोडणारी पितळी पट्टी होती. तिच्या अलीकडे अकराच्या वर, पलीकडे जेमतेम सात.

पट्टीखाली काहीतरी लालसर थिजलं होतं. नखाने खरवडलं. कुंकू होतं. माझंच.

पुसायला काही मिळेल म्हणून फळीखालचा ह्यांचा बिस्किटांचा डबा उघडला. आत स्पिरिटची बाटली होती, आणि एक जुना टूथब्रश. त्याचे केस मुळापर्यंत लाल-पिवळे झाले होते. एका वर्षात तसा रंग चढत नाही.

मी तिथेच फळीला टेकून बसले. दर दसऱ्याला पाहुण्यांची पानं उठली की हे गुपचूप लॉफ्टमध्ये सटकायचे. आणि मी शिडीखालून ओरडायचे, "अहो, सणाच्या दिवशी तरी ते खेळणं सोडा! इथे भांड्यांचा ढीग पडलाय." पाहुण्यांसमोरसुद्धा बोलले आहे. हे "आलो गं, आलो" म्हणत उतरायचे, हाताला स्पिरिटचा वास, आणि मुकाट्याने भांडी पुसायला लागायचे. एका शब्दाने सांगितलं असतं तर मी कुंकू बाजूच्या फळीला लावलं असतं. लाकडाला काय फरक पडतो? पण माझी पूजा चुकली असं त्यांना म्हणायचं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला त्यांचा.

"आई, आर यू ओके? फॉल्ट मिळाला का?" मुलीने दुसऱ्या टोकाकडून विचारलं.

"मिळाला," मी म्हणाले, आणि त्याच ब्रशने पट्टी घासायला घेतली.

रविवारी गाडी या स्टेशनातून त्या स्टेशनात एका दमात गेली. क्लबमधले दोघे खूश झाले, सगळंच नेऊ म्हणाले. त्यातल्या म्हाताऱ्याने रुळावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि म्हणाला, "ही केप्ट इट व्हेरी क्लीन, युअर हजबंड."

मी "येस" म्हणाले. पुढचं सांगण्याऐवजी चहा ठेवायच्या निमित्ताने खाली आले. ब्रश तेवढा त्यांना दिला नाही. दर दसऱ्याला मी ह्यांना हाक मारून खाली बोलावत राहिले, आणि हे माझंच कुंकू पुसत होते.