आलेखाच्या पायऱ्या

यकृताच्या आजारावरचा आपला शोधनिबंध छापून आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला एक प्रत दिली. दोन वर्षांपूर्वी गेलेले माझे यजमान त्या अभ्यासातले एक रुग्ण होते. संमतीची सही करताना ते त्यांना म्हणाले होते, "माझ्या कविता कुणी छापल्या नाहीत, निदान लिव्हर तरी छापा."

निबंधात एक आलेख आहे. दिवस पुढे सरकतात तशी त्यातली रेघ पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते.

"प्रत्येक पायरीला कुणीतरी गेलेलं असतं, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ह्यांची कुठली?"

त्यांनी पेन उचललं. "दाखवू?"

"नको. राहू दे."

आता घरी तेच पान उघडून बसले आहे. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. एक पायरी दुसरीपेक्षा वेगळी दिसत नाही. दोन पायऱ्यांच्या मधे मात्र रेघ आडवी जाते. तेवढे दिवस इतक्या घरांतून कुणीच गेलं नाही, म्हणून ती आडवी. अशाच एखाद्या तुकड्यात हे चहात साखर कमी म्हणून माझ्यावर चिडले असतील. त्या आडव्या रेघेवरून मी बोट पुढे नेते, कडेपाशी थांबते, आणि पुन्हा मागे आणते.