सड्यावरची मोटारसायकल

मस्कतहून परत आलेल्या आमच्या शेजाऱ्याने डोंगरवाटांवर चालणारी, उंच मडगार्डची मोटारसायकल घेतली होती. रोज संध्याकाळी तो ती गावावरच्या उघड्या पठारावर, सड्यावरच्या कातळात पिटाळायचा. शिकायला येईल त्याला मागे बसून हौसेने शिकवायचा. "घाबरतोस काय? पडलास तर पडलास, गाडीला काय होत नाय!" असं मोठ्याने ओरडायचा.

एका दुपारी बौद्धवाडीतला गवंडी धापा टाकत त्याच्या दारात आला. बायकोला नाग चावलाय आणि वाडीपर्यंत जीप येत नाही, असं त्याने सांगितलं.

"भाऊ, सड्यावरून तेवढी हातखंब्याच्या हमरस्त्यापर्यंत पोचवा तिला."

शेजाऱ्याने एकदा गाडीच्या सीटकडे पाहिलं. "क्लच गेलाय रे," तो म्हणाला.

माझ्या ओसरीवर हे सगळं स्पष्ट ऐकू आलं. मग वाडीतल्या चौघांनी तिला खुर्चीला बांधून नेलं. हमरस्ता दिसायच्या आधीच ती गेली. त्याच संध्याकाळी गाडी नेहमीसारखी सड्यावर चढली.

काही दिवसांनी मी आणि शेजारी बाजारात असताना गवंडी समोर आला. शेजारी कळवळून म्हणाला, "अरे, नाग चावला हे बोलला का नाहीस? मी नाही म्हटलं असतं?"

"बोललो होतो भाऊ," एवढंच म्हणून गवंडी पुढे गेला.

शेजारी माझ्याकडे वळला. "बघितलंत मास्तर? दुःखात माणसाला भान राहत नाही."