आबांच्या नजरेचा करार

हेमराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिलमध्ये होतो. इच्छापोरच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडता उघडता तो खाली बसला आणि उठलाच नाही. वय बेचाळीस. फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो असा, की ‘विकून टाक’ हे त्याला मीच सांगितलं होतं.

आम्ही दोघं मिलच्या वस्तीत, पांडेसऱ्यातच वाढलो. त्याचे वडील, रघुआबा, अमळनेरकडून आलेले, आमच्या डाइंग मिलचे कलर मास्टर. व्यापाऱ्याच्या नमुन्याशी कापडाचा रंग जुळला की नाही, हे त्यांनी नुसतं पाहून सांगायचं. हे काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि आज त्यांच्याच खुर्चीवर बसतो. हेमराज इंजिनियर झाला आणि एक दिवस कॅमेऱ्याची पेटी घेऊन आला. कापड खाली ठेवलं की कोणता रंग किती घालायचा ते पेटी सांगणार. तिला शिकवायला दोन वर्षं तो आबांपुढे कापडाचे तुकडे ठेवत होता. आबा म्हणायचे, “लाल जास्त व्हयी गया.” नाहीतर, “आते बराबर शे.” “आमच्या पोटावर पाय देतोस काय रे?” असं मी चिडवलं, तर त्याने आबांच्या पायाला हात लावला. म्हणाला, “पेटी मास्तरला मदत करेल, मास्तरची खुर्ची घेणार नाही.” त्याच्या शब्दावर माझा विश्वास होता. अजूनही आहे.

पेटी विकायला त्याने स्वतःची छोटी कंपनी काढली. मग रंग विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसं त्याच्याकडे येऊ लागली. गोड बोलायची, येताना मिठाईचा, घारीचा डबा आणायची. पहिल्या खेपेला त्यांना त्याच्या गिऱ्हाइकांची नावं ठाऊक होती. दुसऱ्या खेपेला कोणती मिल नाराज आहे, तेही. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, “आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं?” ते तर आम्ही शेजाऱ्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं... त्या दिवशी हेमराजने घारीला हात लावला नाही. पुढे त्यांनी स्वतःची तशीच पेटी रंगाबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली. मिलचे शेठ लोक फोनवर गुजरातीत म्हणायचे, “एमनी पेटी मफत छे, हेमराजभाई.” त्याचे दोन इंजिनियर तिकडे गेले. लोकांना वाटतं कंपनी विकणारा लोभापायी विकतो. मी त्याला महिनाभर पाहत होतो, त्याला जेवण जात नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, विकून टाक, निदान पेटी तरी जगेल.

विकल्यावर त्याला इच्छापोरला त्यांच्या कंपनीत काचेची केबिन मिळाली, काम काही मिळालं नाही. भेस्तानच्या चहाच्या टपरीवर एकदा तो खाली बघत म्हणाला, “त्यांना पेटी नको होती, सुभाष. आबा हवे होते. आबा तीन वर्षं कापड बघून देतील, असं मी लिहून दिलंय. त्यांची पेटी पूर्ण शिकली की मिलवाले मास्तर काढणार... तुलाही.” मग म्हणाला, “आबाले सांगू नको.” त्या चहानंतर तीन महिन्यांत तो गेला. मला त्याचा राग येतो, आणि राग आला की स्वतःचीच लाज वाटते.

गेल्या सोमवारी न राहवून मी आबांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगून टाकलं. तेवढ्यात कंपनीची मुलगी तुकड्यांचं गाठोडं घेऊन आली. दर सोमवारी येते. आबांनी चष्मा पुसला आणि खुर्ची खिडकीपाशी ओढली. हेमराजही त्यांना तिथेच बसवायचा, कारण ट्यूबलाइटखाली रंग खोटा दिसतो. मुलीने नमुना आणि तुकडा शेजारी शेजारी धरले. मी मनात म्हणत होतो, आबा, आजपासून चुकीचं सांगा. एक खोटं, मग दुसरं, पेटी काय शिकायची ते शिकू दे. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय मागतोय हे त्यांना कळलं होतं.

“कागदवर मना पोऱ्यानी सही शे, सुभाष,” ते हळूच म्हणाले. मग मुलीकडे वळले. “लाल जास्त है, बेटी. लिख लो.”

मी माझ्या जागेवरून पाहिलं. लाल खरंच जास्त होता.