खराट्याला दादा म्हणताना

माझी चुलत बहीण माझ्याहून चार महिन्यांनी मोठी आहे आणि त्या चार महिन्यांचा फायदा ती आजतागायत उठवते. आम्ही दोघं मिळून मोबाइलवर छोट्या फिल्म करतो. मिळून म्हणजे भांडून. ती साताऱ्यात नोकरी करते, मी कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर लोखंडाचे जॉब कापतो, आणि सुट्टीला दोघं कुंडलला घरी आलो की कॅमेरा कुठं लावायचा यावरून आमची जुंपते.

तिचं म्हणणं असं की कॅमेरा एका जागी ठेवावा आणि माणसांना त्यांचं त्यांचं जगू द्यावं. शॉट मधेच तोडला की खोटेपणा आत शिरतो. तिच्या एका फिल्ममध्ये साडेतीन मिनिटं नुसतं दार आहे. शेवटी एक शेळी येते आणि तीही कंटाळून निघून जाते. माझं म्हणणं, इथं कापा, तिथं जोडा, मधे नळाचं ठिबकणं टाका, खाली बासरी सोडा, पण बघणारा रडलाच पाहिजे. कुणाला दुःख झालं की मी पंखा दाखवतो. "तुज्या फिलममधी मानसापरीस पंख्यालाच जास्त काम हाय," असं ती म्हणते. ते अगदीच खोटं नाही.

गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं आणि घरातलं जुनं दुखणं वर आलं. तिचे वडील आणि माझे वडील सख्खे भाऊ, पण आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. माझे वडील धाकटे. ते फौजेतून निवृत्त होऊन आले त्याच वर्षी उसाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांची वाजली. आधी पाणी कुणी तोडलं हे आता दोघांनाही धड आठवत नाही, पण राग मात्र चांगला आठवतो. अंगण एकच, दारं समोरासमोर. चुलते चार हातांवर उभे असले तरी वडील मला म्हणायचे, "सांग तुज्या चुलत्याला, म्हस सुटलीया." मी सांगायला वळेपर्यंत चुलते म्हशीमागं पळत सुटलेले असायचे.

बहीण मला म्हणाली, "काका मांडवात न्हाई आला, तर मी बोहल्यावर चढनार न्हाई." ती एरवी अर्धं मस्करीत बोलते, पण ही मस्करी नव्हती. लहानपणी वडील सुट्टीवर आले की ट्रंकेतली पहिली वस्तू तिच्यासाठी निघायची, माझी दुसरी. मला त्याचा रागही यायचा. पण ती डोळे पुसायला लागल्यावर मीच म्हटलं, कायतरी करू.

त्याच सुमारास सांगलीत लघुपटांची एक स्पर्धा होती. आम्ही गोष्ट जुळवली ती दोन भावांचीच. धाकटा थोरल्याच्या घरी जातो आणि म्हणतो, "दादा, झालं गेलं गंगेला मिळालं. आता बोला की." नट शोधायला लांब जायची गरज नव्हती. बहिणीला दोघं एकाच फ्रेममध्ये हवे होते, एकाच शॉटमध्ये. मी म्हटलं, "एका फ्रेममधी बसवलंस तर फिलम न्हाई, पोलीस केस हुईल." तेव्हा माझीच पद्धत चालली. एकाला या रविवारी घ्यायचं, दुसऱ्याला पुढच्या. समोरच्याच्या जागी काहीतरी उभं करून त्याकडं बघत बोलायला लावायचं. दोन्ही तुकडे जोडले की माणसं समोरासमोर बोलतायत असं वाटतं.

वडिलांना आम्ही सांगितलं की थोरल्याचं काम सांगलीचा एक नट करणार आहे, त्याला आज सवड नाही. चुलत्यांनाही धाकट्याबद्दल तेच सांगितलं. दोघांनीही एकच प्रश्न विचारला, "पेपरात फोटू येनार का?" आम्ही दोघांनाही हो म्हणालो.

आधी वडिलांची पाळी. आमच्या घरातली खुर्ची मळ्यातल्या खोलीत नेली, तिच्यावर खराटा उभा करून बांधला आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टोपी अडकवली. वडील आत आले, खराट्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दादा..." आणि मान खाली.

"आप्पा, वर बघा. टोपीकडं."

"बघतोय की."

"खुर्चीच्या पायाकडं बघताय."

पुन्हा घेतलं. पुन्हा 'दादा' आणि पुन्हा नजर जमिनीला. नऊ वेळा घेतलं. बाकीची वाक्यं ते नीट बोलायचे, पण सगळी खुर्चीच्या पायांना. मी वैतागून म्हटलं, "सारी फौज तुम्हाला 'सामने देख' म्हणून थकली असंल, आणि एक खराटा बघता येईना?" वडील म्हणाले, "मग दुसरा मानूस आन." बहीण कॅमेऱ्यामागून वडिलांकडं बघत होती. तिला तेव्हाच काहीतरी उमगलं असावं, पण ती चार महिन्यांनी मोठी असल्यामुळं मला सगळं सांगत नाही.

पुढच्या रविवारी चुलते खुर्चीत बसले आणि खराटा धाकट्याच्या जागी उभा केला. त्यांना काहीच अडचण आली नाही. त्यांनी खराट्याच्या डोळ्यात डोळे घालून त्याला असा झापला की तो माणूस असता तर गाव सोडून गेला असता.

जोडायला बसलो तेव्हा माझी दाणादाण उडाली. थोरला सरळ समोर बघतोय आणि धाकटा त्याच्या पावलांशी बोलतोय. ही खोट झाकायला मी मधे पंखा टाकला, नळ टाकला, शेवटी एक कावळाही टाकला. बहिणीने ते पाहिलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसंच. आदी घरी दाखवू."

एका संध्याकाळी अंगणाच्या टोकाला चादर बांधली आणि भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर लावला. चुलते आपल्या दारात खुर्ची टाकून बसले, वडील आपल्या दारात. मधे बायका-पोरं. बहिणीने आपला मोबाइल चादरीच्या पायथ्याशी तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला, तोंड आमच्याकडं, दोन्ही दारं दिसतील असा. हे कशाला, असं मी विचारलं. "बगनाऱ्यांची तोंडं बगायला," ती म्हणाली.

चादरीवर चुलते दिसले तसे माझे वडील ताडकन उठले. सांगलीचा नट कोण ते त्यांना कळलं. मी मनातल्या मनात पायताण चुकवायच्या तयारीत होतो. तेवढ्यात चादरीवर त्यांचाच चेहरा आला आणि ते बसले. स्वतःचा चेहरा पडद्यावर असताना उठून जाणारा माणूस अजून जन्मायचाय. पलीकडं चुलत्यांचंही तसंच झालं, अर्धं उठणं आणि पुन्हा बसणं.

सहा मिनिटांची फिल्म संपली. मग चुलते मला म्हणाले, "का रं, ह्यो माज्या पायाकडं बघून का बोलतोय? मी तर वर खुर्चीत बसलोय."

"तात्या, तिथं तुमी कुटं हुता," मी खरं ते सांगून टाकलं. "तिथं खराटा हुता."

"आन खराट्याच्या बी पायाकडं बघत हुता व्हय?"

सगळे हसले. माझी आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. वडील हसले नाहीत. ते मलाच म्हणाले, नेहमीसारखं, "सांग तुज्या चुलत्याला. दादा म्हनायचं आन तोंडाकडं बघायचं, हे मला कवा जमलंच न्हाई. खराटा असू द्या, न्हाईतर आनी कोन."

हा निरोप मी सांगितला नाही. माझ्याच्यानं सांगवेना. आणि मला आठवलं, भांडणाच्या आधीही वडील चुलत्यांसमोर कधी बाजेवर बसले नव्हते. ड्यूटीवर निघताना पाया पडायचे, तेवढीच त्या दोघांची समोरासमोर गाठ. मी नऊ वेळा जी चूक म्हणून पुन्हा घेतली, ती त्यांची जन्माची सवय होती.

ती फिल्म स्पर्धेला गेली आणि पडली. परीक्षकांनी सगळ्यांदेखत सांगितलं की यात दोन पात्रांची नजर जुळत नाही आणि कावळ्याचं प्रयोजन कळत नाही. कावळ्याचं मलाही कळलेलं नाही. पेपरात फोटो आला नाही, त्यावरून दोघं भाऊ मला अजून टोमणे मारतात. हल्ली एकत्रच मारतात.

हे कसं झालं ते बहिणीच्या मोबाइलमध्ये आहे, त्या संध्याकाळी तो चालूच होता. तिचा शॉट अकरा मिनिटांचा आहे आणि त्यात एकही कट नाही. तो आम्ही कुठंच पाठवला नाही. त्यात बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मी दोनदा मधे येऊन माझी पाठ दाखवतो. मग चुलते उठून आत जातात. दार रिकामं. तिचं ते आवडतं रिकामं दार. मी कापणारा माणूस, पण तिथं मला कापावंसं वाटत नाही. चुलते लग्नाची पत्रिका घेऊन बाहेर येतात आणि तिच्यावर अक्षता ठेवून अंगण ओलांडतात. वडील उभे राहतात, दोन्ही हात पुढं करून पत्रिका घेतात, आणि त्यांची मान खाली.

चुलते तिथंच थांबतात. "आता तरी वर बघ की रं," ते म्हणतात. "पोरीचं लगीन हाय."