आईच्या घशासाठी तीनदा गाळलेला केक

थोरलीने सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण रांधलं होतं. तिचा अंदाज कधी चुकत नसे. त्या दुपारी मात्र एका केकपुढे ती गाळणी पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहत होती.

आईच्या घशाचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. थंड, मऊ खायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण गिळायच्या धास्तीने आई तोंडच उघडेना. अंगावरचे कपडे ढगळ झाले. परवा ती घोगऱ्या आवाजात पुटपुटली, "माझ्या वाढदिवसाला आइस्क्रीमचा केक कर. बेरीचा."

व्हॅनिलाचा थर सकाळीच गोठला होता, त्यावर स्ट्रॉबेरीचाही. रासबेरीचा तेवढा ओतायचा होता. इतक्यात धाकटी बहीण आली. ती नर्स. सहा वर्षांपूर्वी आईला कुणी ठेवून घ्यायचं यावरून बिनसल्यापासून दोघी कामापुरतंच बोलत.

"बिया?" तिने दारातूनच विचारलं.

"गाळल्यात. दोनदा."

"एक जरी अडकली ना..."

"मग तूच गाळ!" थोरलीने पातेलं तिच्यापुढे आदळलं.

धाकटीने ते मलमलच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर चार बिया उरल्या. स्ट्रॉबेरीचा थर त्याच गाळणीतून गेला होता.

फ्रीजरमधून साचा बाहेर ओढून थोरलीने सुरीने तो अख्खा थर खरवडून काढला. दोन वाजले होते. आई पाचला उठायची, आणि भूक लागली तर तेव्हाच.

"बर्फ आण. मीठही, लवकर गोठेल," थोरली म्हणाली. धाकटी पळाली. बर्फ-मिठाच्या घमेल्यात साचा रुतवून दोघींनी फडक्यातून गाळलेले नवे थर पातळ पातळ ओतले आणि आळीपाळीने बोट लावून पाहत बसल्या.

पाचला केक ताटात उतरला. एका बाजूला कललेला, पण उभा.

धाकटीने पहिला चमचा आईच्या ओठांशी नेला. आईने डोळे मिटले, घास गिळला आणि एकदम ठसका लागला. थोरलीने दाराची चौकट घट्ट धरली. धाकटीची बोटं आईच्या मनगटावर. एक ठसका, दुसरा. मग थांबला.

आईने डोळे पुसले. "साखर कमी पडली गं," ती म्हणाली आणि स्वतःच्या हाताने दुसरा चमचा भरून घेतला.

थोरली दाराशीच खाली बसली. धाकटी तिच्या शेजारी येऊन टेकली. "बरं जमलं," ती हळूच म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा.