एका हाताची सुरी

“बटण मी नाय बांधलं, सायेब,” एवढंच वनिता चौकशीच्या दिवशी म्हणाली होती. बावीस वर्षं झाली, सखारामच्या कानातून ते वाक्य गेलं नाही.

परवा तो लोधिवलीला जलालच्या भंगाराच्या दुकानात चहाला बसला होता. जलालने एक जुनी सुरी पुढे टाकली. पातं अर्ध्या चंद्रासारखं, आणि मूठ टोकाला नाही, पात्याच्या पाठीवर मधोमध.

“ओळखा फिटरसाहेब. मी म्हणतो, खिम्याची.”

“तुला खिम्याबिगर काय सुचतं रं?”

सखारामने ती उजव्या हातात धरली. बसेना. डाव्यात धरली, तर मुठीवरच्या झिजलेल्या खळग्यात अंगठा बरोबर टेकला. जलालच्या पिशवीतला कांदा त्याने फळीवर ठेवला, सुरी वरून दाबून झुलवली. कांदा न धरताच चिरला गेला. उजवा हात तोवर मांडीवर नुसता पडून होता.

“एका हातानं चिरायची हाय ही. लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेली. कुठून आली?”

“साजगावहून.”

साजगावच्या कारखान्यात सखाराम फिटर होता आणि वनिता पत्रा दाबायच्या प्रेसवर. त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा. हात वाचावेत म्हणून तशी सोय. माल जास्त निघावा म्हणून सुपरवायझरने सांगितलं आणि सखारामने एक बटण तारेने दाबून बांधलं. तिसऱ्या दिवशी वनिताचा उजवा हात गेला. तार कोणी बांधली, असं साहेबांनी विचारलं तेव्हा सखाराम आपल्या बुटांकडे बघत राहिला. कागदावर तिचंच नाव लागलं. तिचं काम सुटलं. पुढे ती कामगारांचे डबे करते, असं त्याने ऐकलं. एका हाताने कसं करत असेल, हे मात्र कुणालाच विचारलं नाही.

“जलालभाई, सुनेनं माजी सुरी भंगारात घातली का रं?”

वनिताच होती. केस पिकलेले, हातात पिशवी, उजवी बाही कोपराखाली मोकळी.

“हीच ना, ताई? आमच्या सखारामनं हातात घेताच ओळखली!”

“वळखनारच. फिटर हाय तो.”

सखाराम उठला. दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

“बटण मी बांधलं होतं, वनिता.”

जलालची बशी ओठांशीच थांबली. वनिताने पिशवी उजव्या कोपरात अडकवली, सुरी उचलली, पात्याला चिकटलेला कांदा पदरावर पुसला. सुरी पिशवीत ठेवली आणि ती पायऱ्या उतरून गेली.